जुन्या संगणकाचे लॅन कार्ड आणि त्याचा दुभाषी

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी आणि तिच्यासारखी जी बाजारपेठेची गावे मराठवाड्यात आहेत, त्यांत शहरातील कचेऱ्यांनी केव्हाच मोडीत काढलेले संगणक अद्याप निष्ठेने राबताना दिसतात, आणि ते राबतात याचे कारण मालकाच्या काटकसरीपेक्षा त्या यंत्रांना कायमचे जखडले गेलेले एखादे काम हेच बहुधा असते. लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करणाऱ्याकडे श्रीलिपी या आज्ञावलीची जुनी आवृत्ती असते आणि तिचे डोंगल ज्या पोर्टात बसते ते पोर्ट नव्या यंत्राला नसते. जिनिंगवरील वजनकाट्याचा आकडा सीरियल पोर्टातूनच यायचा असतो. खत-बियाण्यांच्या दुकानातील उधारीचे सारे दप्तर एकाच हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षे साठत आलेले असते. अशा यंत्रावर एके दिवशी कोणी ‘फॉरमॅट मारतो’, नव्याने ‘विंडोज टाकतो’, आणि बाकी सर्व व्यवहार पूर्ववत सुरू झाला तरी ‘नेट’ तेवढे परत येत नाही. मग सीपीयूचा डबा मोटारसायकलवर बांधून परतूरला किंवा जालन्याला नेला जातो, ‘लॅन कार्ड गेले’ असा निकाल ऐकून घेतला जातो, आणि नवे कार्ड बसवूनही तीच कैफियत पुन्हा उभी राहते. माझा अनुभव असा आहे की अशा दहा प्रसंगांतील बहुतेक वेळा कार्ड शाबूत असते. हरवलेली असते ती त्याची ओळख. ती घरच्या घरी, शांतपणे आणि योग्य क्रमाने कशी पटवावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ड्रायव्हर या शब्दाने आपल्याकडे गाडी हाकणाऱ्याचे चित्र मनात उभे राहते, आणि त्यामुळे पुष्कळ गैरसमज होतो. संगणकातील ड्रायव्हर हा वस्तुतः दुभाषी असतो. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, कचेरीची भाषा उर्दू होती आणि रयतेची मराठी. शेतकऱ्याची तक्रार कितीही न्याय्य असो, ती कचेरीच्या भाषेत मांडून देणारा कोणी मध्यस्थ भेटल्याखेरीज तिची दखल घेतली जाणे दुरापास्त होते. विंडोज आणि लॅन कार्ड यांचा संबंध नेमका असाच आहे. कार्डाला तारेवरून येणाऱ्या विद्युत्‌लहरी कळतात, विंडोजला आपले ठरावीक हुकूम कळतात, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या गळी उतरविणारी जी छोटी आज्ञावली या दोघांमध्ये बसते, ती म्हणजे ड्रायव्हर. दुभाषी नसला की कार्ड मुके होते, आणि चुकीचा दुभाषी बसविला तर ते मुके होण्यापेक्षाही वाईट, कारण मग ते मधूनच बोलते आणि मधूनच गप्प बसते.

फॉरमॅटनंतरच हा प्रसंग का ओढवतो, याचा खुलासा सोपा आहे. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि त्या वेळी प्रचारात असलेल्या कार्डांचे दुभाषी तिने आपल्याबरोबर आणले; रिअलटेकचे ८१३९ हे अतिपरिचित कार्ड त्यांपैकीच एक होय. परंतु त्यानंतर चारसहा वर्षांनी निघालेल्या मदरबोर्डांवर रिअलटेकच्याच ८१६८ सारख्या गिगाबिट चिपा बसू लागल्या, आणि ज्या यंत्राचा जन्मच नंतरचा, त्याची भाषा २००१ सालच्या विंडोजला कोठून ठाऊक असणार? मदरबोर्डाबरोबर आलेल्या सीडीत तो दुभाषी होता. ती सीडी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली, आणि तेथेच पुढच्या सर्व त्रासाचे बीज पेरले गेले.

कोणत्याही ड्रायव्हरच्या मागे लागण्यापूर्वी डब्याकडे एकवार नीट पाहावे. तार खोचली असता मागच्या पोर्टाजवळचा बारीक दिवा लागतो की नाही, आणि दुसऱ्या टोकाला राउटरवर त्याच तारेचा दिवा लागतो की नाही, एवढ्या दोन प्रश्नांत निम्मा निवाडा होतो. मृगापूर्वीच्या वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा तारेतून आलेला विजेचा लोंढा लॅन पोर्टाचाच बळी घेतो, आणि अशा वेळी कार्ड खरोखरच गेलेले असते. म्हणूनच वळवाचे ढग दाटून आले की वीजपुरवठ्याच्या प्लगाइतकीच लॅनची तारही काढून ठेवावी, हा शिरस्ता प्रत्येक दुकानाने पाळावा. कार्ड वेगळे, म्हणजे खाचेत बसविलेले असेल, तर वीज पूर्ण तोडून, प्लग काढून, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, कार्ड काढून त्याच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलीचा स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवावा आणि ते दुसऱ्या खाचेत घट्ट बसवावे. काळ्या मातीची धूळ उन्हाळाभर डब्यात शिरत असते आणि तिच्यावर पावसाळी दमटपणाचा थर बसला की ते दात खाचेला नीट भिडत नाहीत. कार्ड मदरबोर्डावरच असेल तर बायोसमध्ये जाऊन ‘ऑनबोर्ड लॅन’ ही नोंद ‘एनेबल्ड’ आहे ना, हे पाहावे; बॅटरी उतरल्यावर बायोसची मांडणी मूळपदावर जाते आणि काही बोर्डांवर ही नोंद त्यात बंद होऊन बसते.

आता मुख्य कामाकडे येऊ. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून ‘मॅनेज’ आणि त्यातून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडले की यंत्रातील सर्व अवयवांची हजेरीपटासारखी यादी दिसते, आणि ज्याचा दुभाषी हरवला आहे अशा कार्डाची नोंद ‘इथरनेट कंट्रोलर’ अशा मोघम नावाने, एक्सपीत पिवळ्या प्रश्नचिन्हासह आणि विंडोज ७ मध्ये पिवळ्या त्रिकोणासह आढळते. ही नोंदच नसेल तर विंडोजला कार्ड दिसतच नाही असे समजावे आणि वरच्या परिच्छेदातील तपासणीकडे परतावे; अशा स्थितीत कोणताही ड्रायव्हर घालणे व्यर्थ आहे. नोंद असेल तर तिच्यावर दोनदा टिचकी मारून ‘डिटेल्स’ हे पान उघडावे आणि ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तेथे रोमन अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ दिसेल, आणि सामान्य माणूस जिच्याकडे पाहून पान मिटून टाकतो, तीच ओळ या सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली आहे.

ती ओळ म्हणजे कार्डाचा पूर्ण पत्ता होय, आणि पूर्ण पत्त्याचे महत्त्व आष्टीकरांना दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आष्टी या नावाचे एक गाव बीड जिल्ह्यात असून ते स्वतः तालुक्याचे ठिकाण आहे. दुसरे वर्धा जिल्ह्यात असून १९४२ च्या लढ्यातील हौतात्म्यामुळे त्याला शहीद आष्टी म्हणतात. तिसरे सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यात आहे. पाकिटावर केवळ ‘आष्टी’ एवढेच लिहिणाऱ्याचे पत्र कोठे पोहोचेल हे सांगता येत नाही. तालुका परतूर, जिल्हा जालना, असे लिहिले म्हणजे संदेह उरत नाही. कार्डाच्या ओळीतही असेच भाग आहेत. व्हीईएन या अक्षरांपुढील चार खुणा कारखानदार सांगतात: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १०बी७ म्हणजे थ्रीकॉम, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ११०६ म्हणजे व्हीआयए, १६८सी म्हणजे अथेरॉस. डीईव्ही या अक्षरांपुढील चार खुणा त्या कारखान्याची विशिष्ट चिप सांगतात. त्यापुढे कोणत्या जुळणीदाराने ती चिप आपल्या कार्डावर बसविली याचा दाखला येतो, आणि सर्वांत शेवटी आरईव्ही म्हणून आवृत्तीचा अंक. यूएसबीला खोचण्याच्या वायफाय कांडीच्या बाबतीत व्हीईएन आणि डीईव्ही यांच्या जागी व्हीआयडी आणि पीआयडी असतात, एवढाच फरक.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नये असे मी आग्रहाने सांगतो, त्यामागे एक बोलके उदाहरण आहे. डी-लिंक या कंपनीची डीएफई-५३०टीएक्स आणि डीएफई-५३०टीएक्स प्लस अशी दोन कार्डे एके काळी बाजारात होती. नावात फरक एका अधिकचिन्हाचा. परंतु पहिल्यावर व्हीआयएची राइन चिप आणि दुसऱ्यावर रिअलटेकची ८१३९, म्हणजे दोघांच्या भाषा पूर्णतः भिन्न! ज्याने खोक्यावरचे नाव वाचून ड्रायव्हर घातला त्याचा दिवस वाया गेला, आणि ज्याने चार-चार खुणांच्या दोन जोड्या वाचल्या त्याचे काम अर्ध्या तासात उरकले. आवृत्तीच्या अंकाकडेही दुर्लक्ष करू नये. परतूर तालुका १ मे १९८१ पूर्वी परभणी जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा परभणी’ असेच लिहिलेले सापडते. जमीन तीच, पत्ता बदललेला. त्याच न्यायाने एकाच नावाच्या चिपेच्या पुढच्या आवृत्तीला जुना ड्रायव्हर कधी ओळखत नाही, आणि मग नवी आवृत्ती शोधावी लागते.

खुणा कागदावर उतरून घेतल्या की ड्रायव्हर मिळविण्याचा प्रश्न येतो, आणि येथे एक विचित्र कोंडी उभी राहते: नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवे. यंत्र विंडोज ७ चे असेल तर यूएसबी तारेने मोबाइल जोडून त्याचे ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. फोनला नेटवर्क कार्ड म्हणून ओळखणारा दुभाषी विंडोज ७ मध्ये मुळातच असल्याने बहुधा काही क्षणांत नेट सुरू होते. एक्सपीचे यंत्र असेल तर दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हने आणणे हाच राजमार्ग. तो शक्यतो चिपेच्या किंवा मदरबोर्डाच्या कारखानदाराच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका टिचकीत अद्ययावत करू’ अशी ग्वाही देणाऱ्या फुकट आज्ञावल्यांपासून मात्र चार हात दूर राहावे. त्या जाहिराती आणि नको असलेल्या आज्ञावल्या यांचा असा काही लोंढा यंत्रात सोडतात, की मूळ दुखणे बरे वाटावे. मला त्यांच्याविषयी एकही चांगला शब्द लिहिता येत नाही.

आणलेला ड्रायव्हर आपल्याच कार्डाचा आहे याची रुजुवात तो घालण्यापूर्वीच करता येते, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये आयएनएफ या शेपटीची एक फाइल असते. ती साध्या मजकुराचीच असल्याने नोटपॅडमध्ये उघडते, आणि तिच्यात तो ड्रायव्हर कोणकोणत्या कार्डांची भाषा जाणतो त्यांची यादी लिहिलेली असते. आपल्या कागदावरच्या खुणा ‘फाइंड’ देऊन तेथे शोधाव्यात. सापडल्या तर पुढे जावे. सापडल्या नाहीत तर तो ड्रायव्हर कितीही नामांकित ठिकाणाहून आलेला असो, आपल्या कामाचा नाही. तलाठ्याकडे सातबारा मागताना गट क्रमांक जसा आपण पडताळून घेतो, तसाच हा पडताळा आहे, आणि त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

ड्रायव्हरबरोबर ‘सेटअप’ असेल तर तो चालवावा. नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील त्या नोंदीवरून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून, विंडोजने आपण होऊन शोध घेण्याचा प्रस्ताव नाकारून, ‘हॅव डिस्क’ या बटणाने तीच आयएनएफ फाइल दाखवावी. चुकीचा ड्रायव्हर आधी घातला गेला असेल तर तो प्रथम ‘अनइन्स्टॉल’ करावा. दोन दुभाषी एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच धड ऐकू येत नाही. इतके करूनही विंडोज एखादा संकेतांक दाखवीत असेल तर त्याचा अर्थ ध्यानात ठेवावा: २८ म्हणजे ड्रायव्हर अजून बसलेलाच नाही, २२ म्हणजे कार्ड कोणीतरी बंद करून ठेवले आहे, १२ म्हणजे दोन अवयव एकाच साधनावर हक्क सांगत आहेत, १० म्हणजे ड्रायव्हर बसला पण कार्ड सुरू होईना, आणि ५२ म्हणजे ड्रायव्हरची सही विंडोजला मान्य नाही. हा शेवटचा संकेतांक ६४ बिटांच्या विंडोज ७ वर येतो, कारण पुढच्या काळातील ड्रायव्हरांवर शा-२ पद्धतीची सही असते आणि ती ओळखण्याचे ज्ञान विंडोज ७ ला नंतरच्या अद्यतनांतून मिळाले. ती अद्यतने घालावीत किंवा जुन्या सहीचा ड्रायव्हर शोधावा.

विंडोज ९८ किंवा त्याहून जुन्या काळातील आयसा खाचेचे कार्ड कोणाकडे अजून असेलच, तर तेथे प्रश्न साधनांच्या वाटणीचा असतो. एनई२००० जातीच्या कार्डाला एक आयआरक्यू क्रमांक आणि ३०० सारखा एक पत्ता मुक्रर करून द्यावा लागतो. ३ क्रमांक दुसऱ्या सीरियल पोर्टाचा, ७ छपाईयंत्राच्या पोर्टाचा आणि ५ बहुधा आवाजाच्या कार्डाचा असल्याने १० हा क्रमांक सहसा निर्वेध सापडतो. वजनकाट्याच्या यंत्रावर ३ क्रमांक कार्डाला देऊ नये, नाहीतर नेट आले आणि वजन गेले असा प्रकार होईल.

कार्ड सुरू झाले तरी दोन बारीकसारीक मांडण्या पाहून घ्याव्यात. कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर वेगाची नोंद असते. ती ‘ऑटो’ असावी. पूर्वीच्या एखाद्या कारागिराने ती ‘१०० फुल’ अशी पक्की बांधून ठेवली असेल आणि राउटर ‘ऑटो’वर असेल, तर राउटर स्वतःला ‘हाफ’ समजतो, दोघे एकाच वेळी बोलू पाहतात, आणि नेट चालू असूनही बैलगाडीच्या गतीने सरकते. दुसरी नोंद ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरची: वीज वाचविण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा विंडोजला दिलेली असते, ती खूण काढून टाकावी, म्हणजे दुपारच्या सुट्टीनंतर नेट ‘झोपलेले’ सापडण्याची तक्रार मिटते.

नेट आले का, हे ब्राउझर उघडून पाहण्यापेक्षा ‘कमांड प्रॉम्प्ट’च्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन पाहावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कार्ड आणि ड्रायव्हर ठीक आहेत, परंतु राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. दोष तारेत किंवा राउटरात शोधावा. पत्ता १९२.१६८.० ने सुरू होतो आणि राउटर मात्र १९२.१६८.१ च्या मालिकेत आहे असे दिसले, तर कोणीतरी पूर्वी हाताने घातलेला पत्ता तसाच राहून गेला आहे. टीसीपी-आयपीच्या मांडणीत ‘ऑब्टेन ऑटोमॅटिकली’ निवडावे. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की नवे कार्ड विकत घेण्यापूर्वी ती प्रत्येकाने तपासलीच पाहिजे. तारेच्या टोकाला कनेक्टर नव्याने लावायचा झाल्यास रंगांचा क्रम असा ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, आणि एका तारेची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक होऊ देऊ नये.

आणखी एक दोष असा आहे की तो ड्रायव्हरचा नसून त्याचे खापर सदैव ड्रायव्हरवर फुटते. मदरबोर्डावरील सीआर२०३२ ही रुपयाएवढी बॅटरी संपली की यंत्राचे घड्याळ प्रत्येक वेळी मागच्या कोणत्यातरी सालावर जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतीची असतात. ज्या यंत्राला आपण २००२ सालात आहोत असे वाटते, त्याला आजचे प्रमाणपत्र अद्याप सुरूच न झालेले दिसते आणि ते संकेतस्थळ उघडण्यास नकार देते. पिंग लागते, दिवे लुकलुकतात, आणि सातबाऱ्याचे पान मात्र उघडत नाही, अशा वेळी प्रथम उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी.

एक्सपीविषयी मात्र मी स्पष्ट मत दिले पाहिजे. तिचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला, आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या विघातक आज्ञावलीने जगभरातील यंत्रे कुलूपबंद केली ती फाइलींच्या देवाणघेवाणीच्या एका जुन्या पद्धतीतील छिद्रातून, आणि एक्सपीला तीच एक पद्धत येते. म्हणून एक्सपीच्या यंत्राचे लॅन कार्ड जरूर सुरू करावे, दुकानातल्या दुकानात छपाईयंत्र वापरण्यासाठी त्याचा उपयोगही करावा. परंतु त्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार, आधारची कामे किंवा ग्राहकाची कागदपत्रे यांपैकी काहीही बाहेरच्या जाळ्यावर पाठवू नये. राउटरमध्ये त्या यंत्राला बाहेरचा रस्ता बंद करता येत असेल तर तो बंदोबस्त करून टाकावा. ज्या यंत्राला डोंगल वा काटा जोडलेला नाही, त्यावर हलकी लिनक्स बसविणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण रिअलटेक, इंटेल आणि व्हीआयए यांच्या जुन्या कार्डांचे दुभाषी तिच्यात मुळातच असतात. किंबहुना लिनक्सची पेन ड्राइव्ह लावून यंत्र काही न बसविता सुरू करता येते, आणि तेथे नेट चालले तर कार्ड निर्दोष असून दोष विंडोजकडे आहे, हा निवाडा जालन्याला न जाता होतो.

सर्व काही सुरळीत झाल्यावर शेवटचे काम करावे. ड्रायव्हरचे फोल्डर पेन ड्राइव्हवर आणि हार्ड डिस्कच्या डी भागावर, अशा दोन्ही ठिकाणी ठेवावे, कारण फॉरमॅट बहुधा सी भागावरच मारले जाते. मग एका जाड कागदावर व्हीईएन आणि डीईव्ही यांच्या खुणा, आवृत्तीचा अंक, चाललेल्या ड्रायव्हरचे नाव, विंडोजची आवृत्ती आणि त्या दिवसाची तारीख लिहून ती चिठ्ठी सीपीयूच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी, आणि पुढे जो कोणी हे झाकण उघडील त्याने चिठ्ठीतील एखादा तपशील बदलल्यास नवी नोंद खाली करावी, एवढी विनंती त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवावी.